बावखलाकाठचा भराव

क्लेमेंटीन तुस्कानो यांना आमच्या आळीत पूर्ण नावाने कुणी हाक मारत नाही. जुनी माणसं क्लेमीबाय म्हणतात, आमच्या बिल्डिंगमधली मुलं क्लेमीआंटी, आणि मी क्लेमीमावशी. टेलिफोन खात्यात त्यांनी सगळी नोकरी ऑपरेटर म्हणून काढली. ट्रंक कॉल पाहिले, एसटीडी पाहिलं, आणि मोबाईल आल्यावर खातं ओस पडलं तेव्हा स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी आल्या. लग्न केलं नाही. आईवडील गेल्यावर घराचा पुढचा भाग त्यांच्याकडे आणि मागचा धाकट्या भावाकडे, लेस्टरकडे, अशी वाटणी झाली. मधे भिंत घालायचं ठरलं होतं, ते राहून गेलं.

नोकरीने त्यांना एक सवय लावली. समोरून उत्तर आल्याशिवाय लाईन सोडायची नाही. गॅसवाला असो, बँक असो, त्या शांतपणे तोच प्रश्न त्याच शब्दांत पुन्हा विचारतात. आवाज चढवत नाहीत, आणि त्यामुळेच समोरच्याला जास्त त्रास होतो. हे मी निव्वळ कौतुकाने सांगत नाही. त्यांच्या शेजारी बसून तो एक प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की आता मलाच त्याचा कंटाळा आला आहे.

आम्ही इथले नव्हे. माझं माहेर संगमेश्वरकडचं, सासर मुंबईचं, आणि मुंबईत घर परवडेना तेव्हा आम्ही वसईत, उमेळ्याच्या पुढे, या आळीत फ्लॅट घेतला. राहायला आलो त्याच आठवड्यात क्लेमीमावशी केळ्यांची एक फणी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, तुमच्या बिल्डिंगच्या जागी आमच्या काकांची केळीची वाडी होती, ही शेवटच्या झाडांच्या पिलांची केळी आहेत, खा. मला कळेना की हा पाहुणचार आहे की टोमणा. दोन्ही होतं, हे नंतर समजलं.

आळीच्या टोकाला एक बावखल आहे. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. पावसाळ्यात ते भरतं आणि आजूबाजूच्या विहिरी वर्षभर जिवंत ठेवतं. त्याला लागून तुस्कानोंचं भातशेत, सगळ्या आळीपेक्षा सखल. पाऊस झाला की आळीचं सगळं पाणी त्या शेतात उतरतं, तिथून बावखलात आणि जास्तीचं नाल्याने खाडीकडे. हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. आणि शेताच्या पलीकडे, जुन्या बंगल्यात, संग्रहालय.

संग्रहालय काही वर्षांपूर्वी मुंबईच्या एका ट्रस्टने सुरू केलं. वसईच्या गावांतलं जुनं जगणं लोकांना दिसावं, हा हेतू. सुरुवातीला आळी हसली, आमची मोडकी भांडीकुंडी बघायला तिकीट काढून कोण येणार म्हणून. मग हळूहळू प्रत्येकाने घरातलं काहीतरी दिलं. कुणी तांब्याचं घंगाळ, कुणी रहाटाचं चाक, कुणी मासे वाळवायच्या टोपल्या. लेस्टरने वडिलांचा नांगर दिला. क्लेमीमावशींनी आईचं लाल लुगडं दिलं, लग्नात नेसलेलं. ते काचेमागे लागलं तेव्हा त्या मला हात धरून दाखवायला घेऊन गेल्या होत्या. त्यानंतर दर रविवारी चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर त्या तिथे उभ्या राहून शाळेच्या मुलांना माहिती सांगायच्या. मानधन नाही, चहा मिळायचा. म्हणजे त्या संग्रहालयाच्या विरोधातल्या कधीच नव्हत्या, हे लक्षात ठेवावं. पुढे त्यांच्यावर जे आरोप झाले त्यात संग्रहालयाला विरोध हा पहिला होता.

एका सकाळी शेतात बोर्ड दिसला. मोठा, निळा, दोन लोखंडी खांबांवर. त्यावर लिहिलं होतं, ‘प्रस्तावित पर्यटक सुविधा केंद्र’. खाली चित्र: बसगाड्यांसाठी फरसबंद जागा, उपाहारगृह, राहायला कौलारू खोल्या, मधून लाल फरशीची वाट. शेत त्या चित्रात कुठेच नव्हतं. बावखलाच्या जागी कारंजं होतं.

क्लेमीमावशी बोर्डासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या आणि मग थेट घराच्या मागच्या दाराशी गेल्या. लेस्टर शेवग्याच्या शेंगा निवडत बसला होता. पुढे काय झालं ते त्यांनीच मला सांगितलं. शेत लेस्टरच्या वाट्याचं. मजूर मिळत नाहीत, मुलगा कॅनडात, स्वतःचे गुडघे गेलेले; दोन-तीन हंगाम जमीन पडीक राहिली. तेव्हा ट्रस्टची माणसं आली आणि म्हणाली, आम्हाला लांब मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्या, आम्ही इथे पूर्वीसारखं भात लावू, पाहुण्यांना लावणी आणि कापणी दाखवू. लेस्टरला ते पटलं. पडीक जमिनीपेक्षा बरं. बहिणीला सांगायचं मात्र राहिलं.

“राहिलं की टाळलंस?” मावशींनी विचारलं.

लेस्टर म्हणाला, “बाय, तू प्रश्न विचारत बसली असतीस.”

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं. मधे भिंत नसलेल्या घरात दोन माणसं न बोलता राहायला लागली की किती अवघड होतं ते मी पाहिलं आहे. मीठ संपलं तर मावशी आळी ओलांडून माझ्याकडे येत, मागच्या खोलीत जात नसत.

दुसऱ्या दिवशी त्या संग्रहालयाच्या कचेरीत गेल्या आणि सोबत मला नेलं, का तर साक्षीदार हवा. तिथली व्यवस्थापक अनुष्का नावाची मुलगी होती. हुशार, मनमिळाऊ, मावशींची लाडकी. तिने खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. मावशींनी विचारलं, “अनुष्का, शेतात भराव घातला तर पावसाचं पाणी कुठे जाणार?”

अनुष्का म्हणाली, आंटी, चांगला मुद्दा आहे, मी नोंद करून घेते. मावशी म्हणाल्या, नोंद नको, उत्तर दे. अनुष्का म्हणाली, ते आमचे सल्लागार बघतील. सल्लागार कुठे आहेत? पुण्यात. त्यांचा नंबर दे. तो थेट देता येत नाही. मग मावशींनी पहिला प्रश्न पुन्हा विचारला. त्या मुलीने चारपाच प्रकारे तेच सांगितलं आणि शेवटी म्हणाली, लवकरच ग्रामस्थांशी संवादसभा आहे, तिथे सगळ्याची उत्तरं मिळतील.

संवादसभा चर्चच्या हॉलमध्ये झाली. मी त्या सभेबद्दल आजही शांतपणे बोलू शकत नाही. आधी स्वागत, मग दिवा, मग पडद्यावर चित्रं. चित्रांतलं आकाश निळं, गवत हिरवं, माणसं पांढऱ्या टोप्या घातलेली. एकाही चित्रात पाऊस नव्हता. मग लोकांनी बोलावं म्हणून माईक फिरला आणि ज्याच्या हातात गेला त्याने आपलंच दळण दळलं. एकाला आळीतल्या कुत्र्यांचा बंदोबस्त हवा होता. एकाने मोबाईल टॉवरचं विचारलं, ज्याचा संग्रहालयाशी काडीचा संबंध नव्हता. आमच्या बिल्डिंगच्या सेक्रेटरींनी पार्किंगमध्ये आम्हाला सवलत मिळेल का असं विचारलं. मला खाली बघावंसं वाटलं. विकी नावाचा आळीतला तरुण, केटरिंग करणारा, म्हणाला की लोकल लोकांना चान्स द्या, मी रोटी आणि मटणाच्या इंद्यालचा स्टॉल टाकतो, एकदम सेट होईल. त्याला सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या. एका पुढाऱ्याने, जो आळीत फक्त निवडणुकीच्या आधी दिसतो, भूमिपुत्रांवर अन्याय सहन करणार नाही असं सांगितलं आणि भाषण संपताच मोटारीत बसून गेला. अन्याय कोणता, ते बोलला नाही.

माईक क्लेमीमावशींकडे पोचला तेव्हा चहा आला होता. त्यांनी विचारलं, भराव घातला तर पाणी कुठे जाणार. मंचावरचा सल्लागार, तोच पुण्याचा, म्हणाला की प्रकल्पात शाश्वत जलव्यवस्थापनाचा समग्र विचार केलेला आहे. मावशी म्हणाल्या, “तो विचार मला सांगा. पाणी या घराकडे येणार की त्या घराकडे?” तो म्हणाला, ताई, हा तांत्रिक भाग आहे. पाठीमागून कुणीतरी ओरडलं, ओ आंटी, बसा, चहा थंड होतो. आणि लोक हसले. आपलेच लोक.

घरी येताना मावशी क्रुसाजवळ थांबून म्हणाल्या, “आशा, संग्रहालयवाल्यांचा मला राग नाही. ते बाहेरचे आहेत. पण या सगळ्यांच्या घरात पाणी शिरलेलं मी लहानपणी पाहिलंय. यांना आठवत कसं नाही?”

मग अर्ज सुरू झाले. मी लिहायची, त्या सही करायच्या. एका कचेरीत सांगितलं, जमिनीचा वापर बदलण्याचं आमच्याकडे नाही, दुसरीकडे जा. दुसरीकडे म्हणाले, नाल्याचा विषय वेगळा टेबल, साहेब रजेवर आहेत. तिसरीकडे एक भला माणूस भेटला, त्याने अर्ज पूर्ण वाचला आणि म्हणाला, मावशी, तुमचं बरोबर आहे, पण अजून बांधकाम झालेलंच नाही, तर तक्रार कशाची घेऊ? बांधकाम झाल्यावर या. मावशींनी विचारलं, झाल्यावर पाडणार का? तो हसला. माझे यजमान सुधाकर रोज संध्याकाळी कामावरून आल्यावर विचारत, आज कुठे हात हलवत परत आलात? मी चिडत असे, कारण ते बोलायचे ते खरं असायचं.

आळीतही वातावरण बिघडलं. क्लेमीबायला संग्रहालय नको, विकास नको, असं बोललं जाऊ लागलं. भावाला पैसे मिळाले म्हणून जळते, असंही. विकीने तर तोंडावर सांगितलं की तुमच्यामुळे माझा धंदा बुडणार. मावशींनी त्याला एवढंच म्हटलं, की तुझ्या आजीचं घर आळीत सगळ्यात खाली आहे, तिला विचार. तो विचारायला गेला नाही.

मे महिन्याच्या शेवटी, कुठलीही परवानगी हातात नसताना, मुरुमाचे ट्रक आले. अरुंद आळी, दोन्ही बाजूंना जास्वंदीची कुंपणं, त्यातून ते डंपर घासत गेले. अनुष्काला विचारलं तर ती म्हणाली, हे फक्त चाचणीसाठी आहे, एक कोपरा भरून बघणार आहेत. कोपरा नेमका बावखलाकडचा होता, जिथून पाणी उतरतं. मावशी ट्रकसमोर उभ्या राहिल्या नाहीत. तसलं काही त्यांच्या स्वभावात नाही. त्यांनी ड्रायव्हरला पाणी दिलं, मुरूम कुठून आणला ते विचारलं, आणि आत जाऊन पुन्हा अनुष्काला फोन लावला. फोन उचलला गेला नाही.

जुलैत एकदा दोन दिवस पाऊस थांबला नाही. असा पाऊस दरवर्षी होतो, त्यात विशेष काही नव्हतं. पण या वेळी पाणी शेतात उतरलं आणि मुरुमाच्या ढिगाला टेकून मागे फिरलं. संध्याकाळी आळीतल्या खालच्या घरांच्या ओट्यावर चढलं. विकीच्या आजीला, फ्लॉसीबायला, खुर्चीसकट उचलून मावशींच्या पुढच्या खोलीत आणलं. आमच्या बिल्डिंगच्या मीटररूममध्ये पाणी शिरलं आणि लाईट गेली. ज्या सेक्रेटरींना पार्किंगची सवलत हवी होती ते गुडघाभर पाण्यात पँट वर करून उभे होते. विकी आजीचे फोटो आणि गादी डोक्यावर घेऊन फेऱ्या मारत होता. फ्लॉसीबाय भिजलेल्या पायांनी बसल्या बसल्या म्हणत होत्या, “पानी आपल्या वाटेनं आलं. त्याची वाट कुनी अडवली?”

लेस्टर त्या दिवशी मागच्या दारात उभा होता. घरात दोन पावलं टाकली की बहीण समोर होती. तो आला नाही. पण पाणी ओसरल्यावर तो गुडघे धरत धरत शेताकडे गेला आणि त्या लाल ढिगाऱ्याकडे बघत बसला. मी खिडकीतून पाहिलं.

आता वाटेल की एवढं झाल्यावर कुणाला जाग आली असेल. ट्रस्टकडून एक निवेदन आलं. त्यात ग्रामस्थांना झालेल्या गैरसोयीबद्दल खेद होता, आणि अतिवृष्टीचं कारण दिलं होतं. पुढाऱ्याने मेणबत्त्या आणि बिस्किटं वाटली आणि फोटो काढले.

मावशींचा संयम सुटलेला मी तेव्हाच एकदा पाहिला, आणि तोही त्यांच्या पद्धतीने. त्या संग्रहालयात गेल्या आणि म्हणाल्या, माझ्या आईचं लुगडं परत द्या. अनुष्का गोंधळली. म्हणाली, आंटी, दिलेली वस्तू संग्रहात दाखल झाली की ती बाहेर काढायला विश्वस्त मंडळाचा ठराव लागतो. मावशी म्हणाल्या, घेताना ठराव केला होता का? मी पिशवीतून आणलं, तू हातात घेतलंस. अनुष्का म्हणाली, नियम आहे. मावशी काचेसमोर उभ्या राहिल्या, लुगड्याकडे पाहिलं आणि मला म्हणाल्या, चल. बाहेर आल्यावर रडतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, “मंडळाची बैठक कधी असते, ते विचारायचं राहिलं,” आणि परत आत गेल्या.

बैठक सप्टेंबरात होती, आणि त्या दिवशी विश्वस्त प्रथमच सगळे मिळून, काही देणगीदारांना घेऊन, संग्रहालय बघायला येणार होते. अनुष्काची पंचाईत झाली. पाहुण्यांना फिरवून माहिती सांगणारं आळीत दुसरं कुणी नव्हतं. ती स्वतः मावशींच्या घरी आली. ओट्यावर अवघडून बसली आणि म्हणाली की आंटी, तुम्हीच या, तुमच्यासारखं कुणाला जमणार नाही, फक्त शेताचा विषय त्या दिवशी नको. माझी नोकरी आहे.

मला वाटलं मावशी तिला दारातून परत पाठवतील. त्या म्हणाल्या, “येईन. शेताचं एक अक्षर बोलणार नाही.” मी नंतर भांडले त्यांच्याशी. इतके महिने त्या एका प्रश्नासाठी उंबरे झिजवले आणि आता उत्तर देऊ शकणारी माणसं समोर येताहेत तर गप्प बसायचं? त्या म्हणाल्या, त्या पोरीचं पोट त्या नोकरीवर आहे, तिने ढीग घातला नाही. मला ते तेव्हा पटलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आजही पूर्ण पटलेलं नाही.

त्या दिवशी मावशी निळ्या साडीत गेल्या आणि मी मागे मागे. त्यांनी शब्द पाळला. घंगाळ, टोपल्या, रहाट, सगळं त्या स्वच्छ आवाजात सांगत गेल्या. मंडळाच्या अध्यक्षा वयस्कर बाई होत्या, पांढरे केस कापलेले, हातात काठी, लक्षपूर्वक ऐकणाऱ्या. लुगड्यापाशी मावशी म्हणाल्या, हे आमच्या भागातल्या बायकांचं लग्नाचं लुगडं, आणि पुढे सरकल्या. कुणाचं ते बोलल्या नाहीत.

नांगरापाशी लेस्टर उभा होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. इस्त्रीचा शर्ट घालून, भिंतीला हात टेकून तो उभा होता, आणि त्याला पाहून मावशींचं वाक्य अर्धवट राहिलं. त्या काही म्हणायच्या आत अध्यक्षाबाईंनी विचारलं, हे कोण? मावशी म्हणाल्या, “माझा भाऊ. हा नांगर त्याने दिला.” बाईंना आनंद झाला. त्यांनी लेस्टरला विचारलं, तुम्ही अजून शेती करता का?

लेस्टर म्हणाला, “नाही. शेत तुम्हालाच दिलं. भात लावू म्हणालात म्हणून दिलं. तुम्ही त्यात माती टाकलीत, आणि पाणी आमच्या घरांत आलं. भात कधी लावणार, तेवढं सांगा.”

अनुष्का जमिनीकडे बघत होती. एका विश्वस्ताने घाईने सांगायला सुरुवात केली की प्रकल्पाचा आराखडा टप्प्याटप्प्याने... पण अध्यक्षाबाईंनी हात वर करून त्याला थांबवलं आणि लेस्टरला म्हणाल्या, मला ते शेत दाखवा. त्या काठी टेकत, चिखलातून, लेस्टरचा हात धरून गेल्या. ढिगाऱ्याजवळ उभं राहून त्यांनी मागे वळून विचारलं, इथलं पाणी कुठे जातं? तेव्हा मावशींकडे सगळ्यांनी पाहिलं. त्या अनुष्काकडे बघून गप्प राहिल्या. उत्तर लेस्टरने दिलं, हात लांब करून, आधी बावखलाकडे, मग नाल्याकडे.

त्या दुपारी मंडळाची बैठक झाली आणि आराखडा बदलला. असं सांगितलं की गोष्ट गोड वाटते, म्हणून पुढचंही सांगते. राहायच्या खोल्या रद्द झाल्या. उपाहारगृह बंगल्याच्या आवारातच, लहानसं, आणि त्यात विकीला एक टेबल. बसगाड्या आळीत येणार नाहीत, हमरस्त्यावर थांबतील आणि माणसं चालत येतील. शेतात भात लावला जाईल. मात्र आवारात स्वच्छतागृहांसाठी बोअरवेल मारलीच, आणि उन्हाळ्यात आमच्या विहिरींवर काय परिणाम होतो ते बघू, असं ठरलं. बघू म्हणजे कोण, हे ठरलं नाही. चाचणीसाठी टाकलेला मुरूम काढायचं एकमताने मान्य झालं, पण टाकणारा ठेकेदार म्हणतो टाकायचं काम माझं होतं, काढायचं नव्हे. ढिगाची पाण्याच्या वाटेवरची बाजू लेस्टरने दोन माणसं लावून, स्वतः खुर्ची टाकून बसून, खणून मोकळी केली. उरलेला ढीग अजून आहे. त्यावर गवत उगवलं आहे आणि शेळ्या चढतात.

लुगड्याच्या मागणीवर ठराव झाला नाही, विषयपत्रिकेत ते शेवटी होतं आणि वेळ संपली. उलट मावशींना सल्लागार समितीवर घेतलं. त्यांना विचारलं नव्हतं. आता दर महिन्याला बैठक असते, आणि दर बैठकीत मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचण्यात अर्धा वेळ जातो. मावशी येऊन माझ्या स्वयंपाकघरात बसतात आणि कपाळाला हात लावतात. समितीत आणखी एक सदस्य आहे, तो पुढारी.

पुढच्या वर्षी भात लागला. लावणी पाहुण्यांच्या सोयीने रविवारी ठेवली आणि तोवर रोपं वाढून बसली होती, त्यावरून लेस्टर आठवडाभर धुसफुसत होता. पण हे सगळं तो मावशींशी बोलत होता, मला त्यातलं महत्त्वाचं तेवढंच वाटतं. दोघांमध्ये माफी वगैरे झाली नाही. विश्वस्त आले त्या संध्याकाळी त्याने नेहमीच्या आवाजात मागून विचारलं होतं, बाय, मीठ आहे का, आणि मावशींनी बरणी नेऊन दिली होती. एवढंच.

गेल्या रविवारी मी त्यांच्या ओट्यावर बसले होते. हमरस्त्यावर गाड्या थांबवायच्या, आत आणायच्या नाहीत, असा मोठा फलक असूनही एक पांढरी गाडी आळीत घुसली. पुढे संग्रहालयाचं फाटक बंद, वळायला जागा नाही. गाडीतला माणूस मागे घेऊ लागला आणि मावशींच्या जास्वंदीच्या कुंपणात अडकला. काच खाली करून तो हिंदीत म्हणाला, आंटी, यहाँ पार्किंग किधर है? मावशींनी त्याला फलक दिसला का विचारलं. तो म्हणाला, गूगलवर रस्ता दाखवतो. मावशींनी पुन्हा विचारलं, फलक दिसला का.

आवाज ऐकून लेस्टर काठी घेऊन मागून आला आणि गाडीमागे उभा राहून हाताने दिशा दाखवू लागला, डावीकडे घे, अजून, अजून. त्याच्या सांगण्यावरून गाडी जास्वंदीची आणखी दोन झाडं मोडून बाहेर पडली आणि हॉर्न वाजवत निघून गेली. मावशींनी मोडलेल्या फांद्या उचलल्या.

“डावीकडे कुणी सांगायला सांगितलं होतं तुला?” त्या म्हणाल्या.

“मग उजवीकडे गटारात घालू त्याला?” लेस्टर म्हणाला.

त्यांचं सुरू झालं आणि थांबायची चिन्हं दिसेनात, तेव्हा मी चहाचा कप खाली ठेवला आणि घरी आले.